शेजारणीचं पिल्लू

५ एप्रिल १९८६

होनोलुलूहून चार दिवसांच्या बोटप्रवासानंतर आज सकाळी बेटावर उतरलो. हे माझं आठवं वर्ष. सामान किनाऱ्यावर आणता आणता दुपार टळली. पाण्याचे डबे, डबाबंद खाणं, रेडिओ, तंबू, आणि माझ्यापुरता तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला. खोक्यावर सिद्धनाथाचा फोटो मांडला आणि हात जोडले. माझ्या माणदेशातला देव. त्याच्या देवळापासून समुद्र कितीतरी कोस लांब. दरवर्षी त्याला इथं आणतो, तो काही बोलत नाही.

आम्ही तिघं आहोत. रूथ हॅलोरन कॅम्पची प्रमुख. सीलांचा तिचा वीस वर्षांचा अभ्यास. मी होनोलुलूच्या प्रयोगशाळेतला टेक्निशियन. आणि यंदा विनीता, माझी मुलगी. तेवीस वर्षांची आहे, कॉलेज संपवून घरी बसली होती. "आठवड्यात कंटाळून परत येईल," असं तिची आई कांचन म्हणाली. पहिली बोट मेच्या अखेरीस आहे हे कांचनला माहीत आहे. तरी म्हणाली.

८ एप्रिल

विनीताला काम समजावलं. सकाळ-दुपार किनाऱ्याला फेरी मारायची. दिसेल तो प्रत्येक सील जखमांच्या वणांवरून, पांढऱ्या डागांवरून आणि मागच्या वल्ह्यासारख्या परांना लावलेल्या पिवळ्या बिल्ल्यांवरून ओळखायचा आणि टिपायचा. या जातीचे सील जगात हजार-दीड हजारच उरलेत, म्हणून एकेकाची नोंद महत्त्वाची. बरोबरच्या छोट्या वहीत पेन्सिलीने लिहायचं, कारण दमट हवेत शाई पसरते. संध्याकाळी तंबूत बसून ते मोठ्या वहीत शाईने उतरवायचं. मोठी वही माझ्याकडे. तिच्यात आठ वर्षांत दुसऱ्या कोणाचं अक्षर नाही.

"म्हणजे तुम्ही रोज ह्यांची हजेरी घेता?" विनीता म्हणाली. "अँड व्हॉट इफ दे स्किप क्लास?"

"तर गैरहजर लिहायचं."

"पनिशमेंट?"

"आपल्यालाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायचं."

ती हसली. रूथला मराठी येत नाही, तरी तीही हसली.

१० एप्रिल

आज पाडवा. साखर होती, कडुनिंब नव्हता. विनीता म्हणाली, रूथची कॉफी पुरेशी कडू आहे.

संध्याकाळी पश्चिमेच्या वाळूवर मधली आली! पोट जमिनीला टेकलेलं. दोन-तीन दिवसांत विणार.

मधली कोण ते विनीताला सांगितलं. पहिल्या वर्षी इथं आलो तेव्हा एक मोठी मादी होती, पाठीवर शार्कच्या दातांचा अर्धा गोल. तिला मी थोरली म्हणायचो. रूथच्या कागदांवर सगळ्यांना नंबर आहेत, नावं माझ्यापुरती. त्या वर्षी थोरलीने जिला जन्म दिला ती ही मधली. थोरली चौऱ्याऐंशीपासून दिसलेली नाही. मधलीची ही पहिली वेळ. मुलगी झाली तर आजी, आई, नात अशा तीन पिढ्या एका वहीत लिहिल्या जातील. या बेटावर असं अजून झालेलं नाही.

"सो यू आर वेटिंग फॉर अ ग्रँडचाइल्ड," विनीता म्हणाली.

मी म्हटलं, चेष्टा पुरे.

१२ एप्रिल

पहाटे मधली व्याली. मुलगी. काळीभोर, चकाकणारी, उलथीपालथी होत ओरडते. देवापुढे साखर ठेवली.

काल तिच्यापासून पन्नास पावलांवर दुसरी एक मादी व्याली होती. तिलाही मुलगीच. ही मादी वयस्क, लठ्ठ, अनुभवी. मी तिला शेजारीण म्हणतो. दोन्ही पिल्लांची जन्मकार्डं मी स्वतः शाईने केली. मधलीचं पिल्लू पूर्ण काळं, खूण नाही. शेजारणीच्या पिल्लाला बेंबीजवळ पांढरा ठिपका, रुपयाएवढा. पालथं पडलं की दिसत नाही.

आता दूध सुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आईला त्रास होतो, ती पिल्लाला सोडून जाऊ शकते. बिल्ला लावायचा तो आई निघून गेल्यावरच.

१९ एप्रिल

आया काही खात नाहीत. सहा-सात आठवडे पिल्लाला पाजतात आणि स्वतः झिजतात. चरबी संपली की एक दिवस उठून समुद्रात जातात, परत येत नाहीत. विनीताला हे फार लागलं. दुर्बीण घेऊन तासन् तास झुडपामागे बसते. तिची चित्रं माझ्यापेक्षा चांगली येतात. वेळ जावा म्हणून काढते बहुतेक.

आज मध्येच म्हणाली, "बाबा, मी होनोलुलूला आले तेव्हा पाच वर्षांची होते ना?"

"हो."

"एअरपोर्टवर आईने हात पुढे केले. मग मी कुणाच्या मागे लपले?"

"विमानातल्या बाईच्या. तिचा स्कर्ट सोडेनास."

"आणि काकू काकू करून रडत होते."

मी म्हटलं, लहान होतीस, प्रवासाने शिणली होतीस. मी इथं शिकायला आलो तेव्हा ती एक वर्षाची होती. पुढल्या वर्षी कांचन आली. दोघांची शिष्यवृत्ती आणि नोकरी मार्गी लागेपर्यंत विनीता गावी माझ्या वहिनीजवळ राहिली. तेव्हा सगळेच असं करायचे. आईला ओळखलं नाही असं काही नव्हतं. आतून ओळख असतेच.

२४ एप्रिल

आज एक गोष्ट घडली, किंवा घडली नाही.

मी उत्तरेकडे होतो, रूथ पूर्वेच्या टोकाला. एकच्या सुमारास विनीता वाळूतून धावत आली. धापा टाकत होती.

"बाबा, दे स्विच्ड. पिल्लं बदलली!"

तिचं म्हणणं असं. एक मोठा नर पाण्यातून वर आला आणि मधलीच्या अंगावर गेला. मधली आणि शेजारीण दोघी त्याच्यावर धावल्या, ओरडाओरड झाली, लाटेत गोंधळ झाला. दोन्ही पिल्लं कडेला एकमेकांजवळ पडली होती. नर गेल्यावर दोघी परत आल्या आणि मधली शेजारणीच्या पिल्लाला घेऊन वर गेली, शेजारीण मधलीच्या.

"तुला कसं कळलं कोणतं कुणाचं? पाठीकडून दोन्ही सारखीच आहेत."

"आय नेव्हर टुक माय आइज ऑफ. मी पूर्ण वेळ बघत होते. तीस यार्डांवरून."

"विनू, आई आपलं पिल्लू सोडून दुसऱ्याचं उचलेल का? वासाने ओळखते, आवाजाने ओळखते."

"कदाचित ह्या नाही ओळखत."

आम्ही दोघं तिथं गेलो. दोघी आपापल्या जागी पडून शांतपणे पाजत होत्या. पिल्लं पालथी पडून चुरूचुरू पीत होती.

मी म्हटलं, "बघ. किती शांत आहेत."

"शांत आहेत, कारण दूध मिळतंय," ती म्हणाली.

तिने छोट्या वहीत पेन्सिलीने सगळं लिहिलं आहे, वेळ, अंतर, दिशा. नीट लिहिलं आहे. तीन आठवड्यांत तिने पाहिलेल्या माद्या किती? ऊन डोक्यावर होतं, वाळू चमकत होती. अशा उन्हात मीही चुकलो आहे.

२५ एप्रिल

काल संध्याकाळी मोठी वही लिहिताना ती ओळ उतरवली नाही. छोट्या वहीतली रबराने पुसली. संशयाची नोंद राहिली की पुढे दहा माणसं त्यावर दहा मतं देतात, आणि तीन पिढ्यांची साखळी कायमची प्रश्नचिन्हात जाते.

सकाळी विनीताने छोटी वही उघडली. ते पान पाहिलं. बाहेर पडलेलं रबर उचलून डबीत ठेवलं आणि फेरीला गेली. तिलाही पटलं असावं.

४ मे

मधली झपाट्याने वाळते आहे. पहिलटकरीण, अंगात चरबी कमी. शेजारीण अजून पिंपासारखी आहे, आणि तिच्याजवळचं पिल्लू तर गोल गरगरीत. विनीता त्याला ढबी म्हणते. मधलीच्या पिल्लाला मी बारकी म्हणायला लागलो आहे.

विनीता हल्ली दुपारी माझ्या जुन्या वह्या काढून बसते. एकोणऐंशीपासून सगळ्या. "वाचायला दुसरं काही आणलं नाहीस का?" विचारलं. म्हणाली, आणलंय की. आणि वाचत राहिली.

१७ मे

मधली गेली. सकाळी सात वाजता पाण्याकडे सरकली, एकदा थांबली. बारकी मागून ओरडत लाटेपर्यंत गेली. मधलीने वळून पाहिलं नाही.

पस्तीस दिवस. फार कमी. बारकीच्या मानेला सुरकुत्या दिसतात. आता तिने स्वतः मासे धरायला शिकायचं, आणि तोवर अंगातल्या चरबीवर जगायचं. चरबीच नाही.

आज नामस्मरणात लक्ष लागलं नाही.

१९ मे

बारकीला बिल्ला लावला. रूथने तिच्या डोक्यावर पोतं टाकून मान धरली, मी मागे बसलो, विनीता वही घेऊन उभी. डाव्या परात बिल्ला, शेवटचे आकडे सत्तेचाळीस, उजव्या परात बिल्ला. मग खुणा पाहायला तिला पालथीची उताणी केली.

बेंबीजवळ पांढरा ठिपका. रुपयाएवढा.

"खुणा?" रूथने विचारलं. तिच्या बाजूने पोट दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "विशेष काही नाही."

मग मी विनीताकडे पाहिलं. ती पिल्लाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. पेन्सिल कागदावर टेकलेली, पण तिने काही लिहिलं नाही.

मी बारकीला परत पालथी केली.

२० मे

मुद्दाम लांबून जाऊन ढबीची वाट पाहिली. तासाभराने ती लोळली. पोट पूर्ण काळं.

म्हणजे शेजारणीचं पिल्लू मधलीने पाजलं, आणि थोरलीची खरी नात शेजारणीच्या दुधावर लठ्ठ झाली आहे. आणि ज्या एका माणसाने ते होताना पाहिलं, तिची ओळ मी पुसली.

जन्मकार्डावर ठिपका काढलेला आहे. माझ्याच शाईने.

२१ मे

रेडिओवर प्रयोगशाळेचा निरोप. एकोणतीसला बोट येते आहे. अशक्त पिल्लू होनोलुलूला नेऊन, खाऊपिऊ घालून, मोठं करून परत सोडायचं. मादी हवी. हौदात जागा एकाच पिल्लाची.

बेटावर अशा अशक्त दोन आहेत. बारकी, आणि पूर्वेच्या टोकाला पडलेली एक. तिची आई आम्ही येण्याआधीच निघून गेली होती, कोण ते ठाऊक नाही.

रूथ म्हणाली, "निवड सोपी आहे. प्रयोगशाळेला वंश माहीत असलेलं पिल्लू हवंय. बारकी तुझ्या थोरलीची नात. तुझी आठ वर्षं आहेत तिच्यामागे. ती जगली तर पुढच्या पिढ्याही मोजता येतील." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी हं म्हटलं.

बारकी जगेल. आता मी गप्प राहिलो तर बारकी नक्की जगेल.

२२ मे

पूर्वेच्या टोकाला जाऊन आलो. तीही ओरडत नाही आता. वाळूवर हनुवटी टेकून बघत राहते. तिला मी नाव दिलेलं नाही.

२४ मे

देवापुढे बसायचं टाळतो आहे. फोटोवर वाळू येते म्हणून तो डबीत ठेवला, असं मी विनीताला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

पहाटे आणखी एक मूर्खपणा केला. रूथची मासे धरायची दोरी घेऊन खडकावर गेलो. जन्मात माशाला हात लावलेला नाही. वाटलं, रोज चार मासे बारकीपुढे टाकले तर? मग तिच्या जागेच्या वादातच पडायला नको. खायला घालणं सक्त मना आहे, कारण माणसाच्या हाताची सवय लागलेला सील माणसाच्या मागे येतो आणि जाळ्यात मरतो. हे मीच दरवर्षी नव्या लोकांना सांगतो. गळ पाण्यात टाकलाही नाही. परत येताना बारकी दिसली. तिने मान वर केली. मी दोरी पाठीमागे धरली.

२६ मे

आज सांगितलं.

सकाळी छोटी वही घेऊन तंबूबाहेर बसलो. चोवीस एप्रिलचं पान उन्हात तिरकं धरलं. विनीता पेन्सिल दाबून लिहिते. अक्षरं पुसली गेली तरी कागदात चर राहिले होते. त्या चरांवरून मी शाईने एकेक अक्षर गिरवत गेलो. बारा चाळीस. नर, पश्चिमेकडून. दोन्ही पिल्लं पाण्याच्या कडेला. सगळं लागलं. शेवटी तिने इंग्रजीत लिहिलं होतं की मला खात्री आहे, आणि 'खात्री'खाली रेघ ओढली होती. ती रेघसुद्धा गिरवली.

विनीता मागे येऊन उभी होती, मला कळलं नाही.

"आय वॉज वेटिंग," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"थर्टी-टू डेज."

"रूथला का नाही सांगितलंस?"

"तुमची वही आहे, बाबा."

ती शेजारी वाळूत बसली. बराच वेळ पायाने वाळू उकरत होती. मग मराठीत बोलली, शब्द शोधत, थांबत.

"मी पाच वर्षांची होईपर्यंत काकूकडे होते. तेव्हा काकूच माझी आई होती. मग आई आई झाली. दोन्ही खरं आहे. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. पण तुम्ही दर वेळी म्हणता की मी आईला ओळखलं होतं. आय डिडन्ट, बाबा. मी नव्हतं ओळखलं. तेवढं पुसू नका."

वहिनी वारल्याची तार आली होती तेव्हा विनीताची परीक्षा होती. ती तार मी तिला नऊ दिवसांनी दाखवली. तेव्हाही ती अशीच गप्प राहिली होती. आज ते का आठवलं कोण जाणे.

मग दोघं रूथकडे गेलो. मी पान दाखवलं, कार्ड दाखवलं, बिल्ला लावताना खोटं बोललो तेही सांगितलं.

रूथने सगळं दोनदा वाचलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"आठ वर्षांत असं किती पुसलंस?"

"हे एकच."

"मी ते कशावरून मानू?"

मी छोट्या वह्या तिच्यापुढे सरकवल्या. ती म्हणाली, "अहवालात मला हे लिहावं लागेल."

मी म्हटलं, लिही.

"आणि बारकीची जागा गेली, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

विनीता मध्येच म्हणाली, "रूथ, मीही बोलले नाही. माझंही नाव लिही."

रूथ तिच्याकडे बघत राहिली. "तुम्ही दोघं ना," एवढंच म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली. तिघांचं ठेवलं.

संध्याकाळी फोटो परत खोक्यावर मांडला. फार वेळ बसलो. मागितलं काहीच नाही.

२७ मे

वंश दोघींचाही माहीत नाही म्हटल्यावर प्रयोगशाळेने सांगितलं, वजन करा. जिची जगण्याची शक्यता जास्त ती आणा. जाळीत घालून काट्याला टांगलं. पूर्वेची एकाहत्तर पौंड, बारकी सहासष्ट.

रूथने काटा मला स्वतः वाचायला लावला. मग विनीताला. मग आकडा लिहिला. हळूच म्हणाली, "उलटं निघालं असतं तर मलाही बरं वाटलं असतं."

खरंतर बारकीची आई शेजारीण, हे वहीत होतंच. पण रूथच्या दृष्टीने तो वंश नाही, एकाच वर्षाची ओळख आहे.

२९ मे

बोट आली आणि गेली. पूर्वेची पिंजऱ्यात चढताना पहिल्यांदा ओरडली. आवाजात जोर होता, बरं वाटलं. रूथ तिच्याबरोबर गेली. अठरा जूनपर्यंत आम्ही दोघंच.

निघताना तिने छोट्या वह्या सगळ्या बरोबर घेतल्या, तपासायला. योग्यच आहे. मला म्हणाली, "इथून पुढे चुकलेलंसुद्धा ठेवायचं. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे." मी आठ वर्षं लोकांना शिकवत आलो, आज मला शिकवलं. तिने रबर मागितलं नाही. मीच दिलं.

बोट दिसेनाशी झाल्यावर बारकीकडे गेलो. वाऱ्याकडे पाठ करून पडली होती. माफी कोणत्या भाषेत मागायची कळेना. मराठीत मागितली.

३ जून

शेजारीणही गेली. ढबी आता एकटी. एकशे साठ पौंडांची असेल. आज लोळत लोळत बारकीजवळ गेली आणि तिच्या अंगाला अंग लावून झोपली. एक भोपळा आणि शेजारी पडवळ.

विनीताने मोठ्या कागदावर वंशाचा तक्ता नव्याने काढला. थोरलीखाली मधली, मधलीखाली ढबी, अशी सरळ रेघ. शेजारणीखाली बारकी. मग विचारलं, "मधली आणि बारकीमध्ये काही नाही?"

"रक्ताचं नाही."

"तेवीस दिवस पाजलंय तिने. स्वतः वाळून."

"तक्त्यात त्याला रेघ नाही, विनू."

"तर मग काढू ना," म्हणाली, आणि तिने तुटक तुटक रेघ काढली. दुसरी शेजारणीपासून ढबीपर्यंत. दोन्ही रेघा मध्ये एकमेकींना छेदून गेल्या. मला तक्ता आधी विस्कटल्यासारखा वाटला. दुपारपर्यंत डोळ्याला सवय झाली.

७ जून

बारकी उथळ पाण्यात तोंड घालून दगड उलटते. काही सापडत नाही. शेवाळ चावते, सोडून देते. आता हाडं मोजता येतील.

विनीता म्हणाली, "एकच मासा, बाबा. एकच." तिलाही माहीत होतं मी काय म्हणणार. मी माझी २४ मेची गोष्ट तिला सांगितली, दोरीची. तिला आधी हसू आलं. मग नाही आलं.

१० जून

बारकी सकाळपासून नाही. ढबी एकटी आहे.

११ जून

नाही. दोघांनी बेटाला तीन फेऱ्या मारल्या. पाण्याच्या रेषेवर मेलेलं काही आलेलं नाही. गैरहजर लिहिलं.

१३ जून

नाही. पश्चिमेला आज शार्क दिसला. विनीताने तो सुट्या कागदावर टिपला. संध्याकाळी भाताला फोडणी तिने दिली. करपली. दोघांनी खाल्ली.

मी गप्प राहिलो असतो तर ती आज हौदात हेरिंग मासे खात असती. आणि ती दुसरी इथं. हा हिशोब कितीही वेळा केला तरी एक पिल्लू उरतंच.

विनीता म्हणाली, जानेवारीत रूथच्या प्रयोगशाळेत जागा निघणार आहे, तिने अर्ज मागवला आहे. मी म्हटलं, तुला मेडिकलला जायचं होतं ना? "ते आईला वाटतं," ती म्हणाली. मला हे नवीनच होतं.

१६ जून

परवा बोट. मी तंबूत सामान बांधत होतो. साडेदहाच्या सुमारास विनीताची हाक आली, खडकांकडून, वाऱ्यात अर्धी तुटलेली. पोचेपर्यंत मला वेळ लागला. वाळूत गुडघे पूर्वीसारखे चालत नाहीत.

ती पाण्यात मांड्यांपर्यंत उभी होती, कपड्यांसकट. समोर नुसत्या लाटा.

"बारकी! आत्ता होती. इथं! ती खात होती!"

"काय खात होती?"

"ऑक्टोपस. छोटा. शी वॉज थ्रोइंग इट, असा असा आपटत होती पाण्यावर. मग गिळला. मग दुसऱ्यासाठी खाली गेली."

मी कपाळावर हात आडवा धरून बघत राहिलो. पाव तास, अर्धा तास. पाण्यावर ऊन पसरलं होतं, काही दिसत नव्हतं. ती वर आली नाही, किंवा लांब कुठेतरी आली.

"बिल्ला दिसला?" मी विचारलं.

"डावा. पिवळा. शेवटचे दोन आकडे दिसले. सत्तेचाळीस."

"किती अंतर?"

"वीस यार्ड. कमीच."

"वेळ?"

"दहा बत्तीस ते दहा एकेचाळीस." घड्याळाचा हात तिने पाण्याबाहेर उंच धरला होता, अजूनही तसाच. हसत होती आणि नाकातून पाणी गळत होतं. "बाबा, तुम्ही नाही ना पाहिलंत?"

"नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तंबूत आलो. मोठी वही बांधलेल्या सामानातून परत काढली. पेन्सिल नव्हती, छोटी वही नव्हती, संध्याकाळपर्यंत थांबलो नाही. सरळ शाईने लिहिलं: सोळा जून, दहा बत्तीस. बारकी जिवंत. स्वतः शिकार करून खाताना दिसली. मग ज्याने पाहिलं त्याचं नाव लिहायच्या रकान्यात विनीताचं नाव लिहिलं. एकटीचं.